माझ्या मापाचा ब्लाउज

मी बाईंच्या दारात उभी होते, हातात त्यांच्या उशांचे शिवलेले अभ्रे. बाई म्हणाल्या, "आत या, बसा." मी बसले नाही. बाई 'बसा' म्हणाल्या की काहीतरी मोठं बोलायचं असतं, हे मला ठाऊक होतं.

समाजमंदिरातला शिवणवर्ग बाई चालवायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो सुरू केला होता. आधी शिकवायला होती ती नवऱ्याची बदली झाली म्हणून गेली, आणि तिची जागा रिकामी होती.

"तिघी आहेत," बाई म्हणाल्या. "दोघींकडे सर्टिफिकेट आहे. तुमच्याकडे नाही, पण तुमचं काम मी बघितलंय, म्हणून तुमचं नाव घातलं. पुढच्या सोमवारी ठाण्याहून परीक्षक बाई येतील. तीन तासांत स्वतःच्या मापाचा ब्लाउज बेतायचा, शिवायचा आणि तिथंच घालून दाखवायचा. कापड आपलं आपण आणायचं."

"स्वतःच्या?"

"हो. त्या म्हणतात, गिऱ्हाईक पोट आत घेऊन उभं राहतं, शिवणारीची चूक त्यात झाकली जाते. स्वतःच्या अंगावर झाकता येत नाही."

"होय बाई," मी म्हटलं. शिकलेल्या माणसापुढं माझ्या तोंडून पहिला शब्द तोच यायचा. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी घरी पाहिजे होतं. पाचवीच्या वर्गात मी कधी बसलेच नाही. त्यामुळं परीक्षा म्हटलं की मी अजून ती दहा वर्षांची पोरच व्हायची, आणि मी तेव्हा चव्वेचाळीसची होते.

बाईंचे उपकार वाटले, आणि त्याच पायरीवर घामही फुटला. सबंध सेक्टरातल्या बायकांचे ब्लाउज मी शिवत होते. पण माझ्या स्वतःच्या अंगावर जो होता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आतली सगळी माया सोडलेली होती, सोडायला आणखी कापडच उरलं नव्हतं. वरचा हुक पदराखाली उघडा असायचा. काखेत पिन.

घरी आले तर हे खाटेवर पालथे पडले होते. हे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. वीस वर्षं पाठीवर पोती. त्या उन्हाळ्यात मान धरली ती सुटेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता वजन उचलायचं नाही. उचलायचं नाही तर मार्केटात करायचं काय?

मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी.

"आगं, तुला घेत्याल का? शिकल्याल्या बायकांतनं?"

"बाईंनी नाव घातलंय."

"मग बघ. जागा मिळाली तर ऱ्हाऊ. न्हाई तर शाळा उघडायच्या आत गावाकडं जाऊ. हितं बसून भाडं भरण्यात काय अर्थ न्हाई."

आमची मुलगी दहावीत जाणार होती. सुट्टीला मामाकडं गेलेली, माण तालुक्यात, जिथं दहावीची शाळा गावापासून दोन तास चालत. जाताना तिनं नवीन पुस्तकांना खाकी कव्हरं घालून फळीवर रचून ठेवली होती. हे मान वळवू शकत नव्हते, म्हणून फळीकडं न बघताच म्हणाले, "पोरीला काय सांगायचं ते तू सांग."

असं ते ठरलं. सोमवारचा एक ब्लाउज आणि त्याच्यावर सगळं.

ट्रंकेत माझे चार ब्लाउजपीस होते, सगळे ओटीत आलेले. नणंदेच्या लग्नातला एक निळा, शेजारच्या वास्तुशांतीतला चॉकलेटी, चुलत जावेनं दिलेला फुलाफुलांचा. आणि सगळ्यांत खाली आईनं दिलेला हिरवा रुबिया. गावाहून शेवटचं निघाले तेव्हा तिनं नारळ, तांदूळ आणि तो ओटीत घातला होता. त्यानंतर ओटी भरायला ती राहिली नाही. तो मी शिवायला काढला नव्हता. का काढला नव्हता, ते मला सांगता येणार नाही. एकदा कापला की संपतो, एवढंच.

मी निळा घेतला. पहिल्याच दिवशी एक शिवून बघायचा, हात बसेल.

आता माझी बेतायची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावात शिंपी बाप्या माणूस. बायकांच्या अंगाला तो टेप लावायचा नाही, आणि बायकाही लावू द्यायच्या नाहीत. जुना, बरा बसणारा एक ब्लाउज द्यायचा. तो मापाचा ब्लाउज. "ह्याच्यासारखाच," असं सांगायचं. माझी आई तसंच करायची, मीही तशीच वाढले. पोर असताना त्याच शिंप्याकडं मी हुक लावायला, काज करायला बसायची. इकडं आल्यावर महाप्याला कपड्यांच्या कारखान्यात लागले. तिथं सहा वर्षं मी फक्त बाह्या जोडल्या. शर्टाचं बाकीचं अंग कोण करायचं, मला माहीत नाही. माझ्यासमोर बाह्यांचा ढीग यायचा, माझ्याकडून बाह्या लागलेला ढीग पुढं जायचा. कारखाना दुसरीकडं गेला तेव्हा मी घरी मशीन मांडलं. छातीचा चौथा भाग अधिक इतकं, असा हिशेब मला कागदावर येत नाही. मी टेपच चार पदरी दुमडते. गिऱ्हाईक बघत नसताना.

शिवणारी बाई दुसऱ्या बायकांना शहाणपण शिकवते. मी म्हणायची, "ताई, हा मापाचा ब्लाउज तुमचं बाळंतपण व्हायच्या आधीचा आहे, आता असा कसा बसेल?" आणि माझा स्वतःचा मापाचा ब्लाउज? मुलगी बालवाडीत होती तेव्हाचा. तो निळ्या कापडावर पसरला, खडूनं कडा ओढल्या, दोन बोटं माया सोडली, कापला.

घातला. हुक लागले. बरं वाटलं. मग फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि बाही जोडतात त्या मुंढ्यापासून दंडापर्यंत टर्रकन फाटला.

हे खाटेवरून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही. जुनं फडकं फाडलं."

दुसऱ्या दिवशी चॉकलेटी. आता सगळीकडून एकेक इंच वाढवला. छाती, पाठ, खांदा, मुंढा, सगळं. तर तो खांद्यावरून ओघळायला लागला. पुढचा गळा उघडा पडला, काखेत कापडाचा बोंगा, आणि मागं मानेखाली मात्र तसाच ताणलेला. हात पुढं केला की ब्लाउज पाठीवरून वर सरकायचा. आरशासमोर मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. सगळं वाढवूनही कमी पडलं होतं. कुठं वाढवायचं आणि कुठं नाही, हेच मला कळत नव्हतं. आरसा पुढचं दाखवतो. माझी पाठ मी कधी बघितली होती?

दोन दिवस गेले, दोन कापडं गेली. मशीनवर गिऱ्हाइकांचं काम पडून होतं, आणि त्यात शिरवण्याच्या मावशीचा निरोप आला की ती येतेय.

मावशी म्हणजे शिरवणे गावातली जुनी आगरी बाई. साठीची, भरल्या अंगाची, नाकात भलीमोठी नथ नसली तरी असल्यासारखी चालायची. तिची शेती, तिचं मिठागर, सगळं शहरात गेलं, पण रुबाब गेला नव्हता. माझ्याकडं पहिलं गिऱ्हाईक तीच आली आणि तिनंच गावातल्या चाळीस बायका पाठवल्या. हे मी विसरायची नाही. मी घाटावरची म्हणून मला ती 'घाटीन' म्हणायची, तोंडावर.

"काय गो घाटीन, तोंड कला असं पारलंस? नवऱ्यानं मारला का?"

"नाही मावशी. त्यांना मानच हलवता येत नाही."

"मग तू मारलास." ती धप्पकन बसली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लाउज माझ्यापुढं टाकला. "ह्याच्यावानीच पायजे. पुतन्याची हलद हाय पुढच्या गुरवारी. तंग नको, सैल नको."

मी उलगडला. त्यात आताची मावशी निम्मीसुद्धा मावली नसती.

"मावशी, हा कधीचा?"

"हाय जुना. पन ह्यो बसतंय ना मना."

"कधी बसलाय शेवटचा? टेप लावून माप घेते, उभी राहा."

"टेप-बिप नाय लावायचा. मना गुदगुल्या व्हतान." मग तिची नजर माझ्या मशीनखाली गेली. निळा फाटलेला, चॉकलेटी ओघळलेला, दोन्ही तिथंच पडले होते. तिनं ते उचलून बघितले. "ये कोनाचे?"

मी सांगितलं. बाई, परीक्षा, सोमवार, गाव, मुलीची पुस्तकं, सगळं. मावशी ऐकत होती आणि फाटका मुंढा बोटांनी चाचपत होती.

"मना टेप लावतंस," ती म्हणाली, "आनि तुजा माप कोन घेतलंय?"

मी आठवून बघितलं. कुणी नाही. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या अंगाला कुणी माप लावलं नव्हतं.

"उठ."

"मावशी, तुला टेपवरचे आकडे—"

"आकडे कनाला पायजेत?" तिनं माझ्या डब्यातून परकराची नवी नाडी ओढून काढली. "माजा बा मिठागराचे वाफे दोरीला गाठी मारून मोजायचा. बिगारी, मुकादम, कोनी चूक काढली नाय. पदर टाक खाली."

दार लावून घेतलं. पाठीच्या कण्यावर, मानेखाली, तिनं नाडीचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं. तिचे हात गरम, जाड. मी ताठ झाले.

"श्वास सोड. शालेत उभी हायस का?"

मी सोडला. पोट पुढं आलं, खांदे खाली आले. लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

मावशीला शिवणातलं काही कळत नव्हतं, तेच बरं झालं. आम्ही शिवणाऱ्या टेप एकदाच सगळ्या छातीभोवती फिरवतो आणि येईल त्याचे चार सारखे भाग करतो. तिनं तसं केलं नाही. ती कण्यापासून निघाली, उजवीकडून पुढं आली, छातीच्या मध्यावर गाठ मारली. मग परत कण्यापाशी गेली, डावीकडून पुढं आली, दुसरी गाठ. मग मानेपासून उजव्या खांद्याच्या टोकापर्यंत, मग डाव्या. मग खांद्यापासून खाली, पुढून एक, मागून एक. गाठीगाठीला तिनं माझ्या रिळातले धागे बांधले, उजव्याला लाल, डाव्याला काळा. मधेच ती थांबली. नाडी पुन्हा लावून बघितली.

"काय झालं मावशी?"

"तुजी उजवी आनि डावी येक नाय गो."

"म्हणजे?"

"उजवा खांदा उतरलाय. बोटभर. आनि पाठ वाकलीय मानंखाली, माज्या सासूची होती तशी." ती पुढं येऊन माझ्याकडं बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिनं थट्टा केली नाही. "कवरा काम केलंस तू."

सहा वर्षं बाह्यांचे गठ्ठे उजव्या हातानं उचलून डावीकडं ठेवलेले. मग ह्या मशीनवर दहा वर्षं मान खाली. छाती उतरलेली, म्हणून टक्स, छातीपाशी घालतात त्या चुण्या, खाली यायला हव्या होत्या. पाठ रुंद झालेली, म्हणून मागं कापड जास्त पाहिजे होतं, पुढं तेवढं नाही. खांद्याचं हाड मात्र होतं तेवढंच. मी त्यालाही इंच वाढवून बसले होते. नाडी हातात घेतल्यावर हे सगळं मला एका झटक्यात दिसलं. इतक्या बायकांच्या अंगात मी हे बघितलं होतं, फक्त स्वतःच्या नाही.

मावशी गेली. जाताना म्हणाली, "माजा ब्लाउज इसरू नको." मी तिला चहासुद्धा विचारला नव्हता.

आता अडचण वेगळीच होती. ब्लाउज कापताना कापड घडी घालून कापतात. एकदा कात्री चालवली की उजवा-डावा दोन्ही भाग सारखे निघतात. सगळ्या जगाची हीच पद्धत. पण माझे दोन भाग सारखे नव्हते. म्हणजे घडी घालायचीच नाही, एकेरी कापडावर एकेक भाग वेगळा कापायचा.

फुलाफुलांचा काढला. नाडी ठेवून, गाठी बघून, खडूनं आखून उजवा पुढचा भाग कापला. शेजारी डावा आखला, कापला. दोन्ही समोरासमोर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. मी कापड पालथं करायला विसरले होते. दोन्ही भाग एकाच बाजूचे. एक उलटा करावा तर फुलं आत आणि कापडाची उलटी बाजू बाहेर. घडीवर कापणाऱ्या माणसाला हे कधी ध्यानातच ठेवावं लागत नाही, म्हणून माझ्याही ध्यानात राहिलं नाही. दहा वर्षांत मी असली चूक केली नव्हती.

तो रविवार होता. ट्रंकेत हिरवा रुबिया उरला होता.

दुकानातून दुसरं कापड आणता आलं असतं, असं कुणी म्हणेल. मी पायऱ्या उतरलेही होते. पण खाली यांना मार्केटातला एक सोबती भेटायला आला होता, आणि त्यानं चार रिकामी पोती आणली होती, भांडी भरायला. यांनी मागवली होती. पोती बघितली आणि मी मागं फिरले; घरच बांधायला निघालं, तर हिरवा आता कशासाठी राखायचा? ट्रंक उघडली, हिरवा काढला, पाण्यात बुचकळून वाळत घातला. रुबिया आधी भिजवावा लागतो, नाही तर धुतल्यावर आटतो. तारेवर तो सुकेपर्यंत मी त्याच्याकडं बघत बसले.

सोमवारी समाजमंदिरात पंखा चालू होता तरी उकडत होतं. परीक्षक बाई कडक इस्त्रीच्या सुती साडीत, चष्म्याला साखळी. बाकीच्या दोघी माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, त्यांच्याकडं लाकडी पट्टी, वळणाची पट्टी, खाकी कागद. मी टेबलावर कात्री, टेप, खडू आणि परकराची नाडी ठेवली.

"हे काय?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"माझं माप बाई."

शेजारची मुलगी खाली बघून हसली.

"आधी वहीत मापं लिहा. मग कागदावर ड्राफ्ट."

मी नाडी टेपला लावून आकडे लिहिले. आकडे मला येतात. उजवे वेगळे, डावे वेगळे. ड्राफ्टच्या पानावर मात्र मी चार रेघा ओढल्या आणि थांबले. बाकीच्यांचे कागद भरत चालले होते, सूत्रं, बाण, अक्षरं. परीक्षक बाईंनी माझं पान बघितलं. त्यांनी फक्त पेनाचं टोपण काढलं, काहीतरी लिहिलं, लावलं. ते मला अजून ऐकू येतं.

मी हिरवा पसरला.

"घडी घाला," मागून आवाज आला. "एकेरी कापड कुणी बेततं का? घडी घाला."

"होय बाई."

मी घडी घातली. हात आपोआप चालले. खडू उचलला, नाडी ठेवली. लाल गाठ एका जागी, काळी गाठ बोटभर पलीकडं. ह्या घडीवर कापला तर एक कुणीतरी चुकणार. उजवा किंवा डावा. आणि पुन्हा निळ्यासारखंच होणार. पण परीक्षक बाईंनी सांगितलंय. शिकलेल्या बाईनं सांगितलंय आणि मी चौथी. बाईंनी माझ्या भरवशावर नाव घातलं, तिथं मी आडमुठेपणा करू? कात्री घडीत घातली. पहिलं बोटभर कापड कापलंसुद्धा असतं. परीक्षक बाई दुसऱ्या टेबलाकडं वळल्या, त्यांची सावली कापडावरून गेली.

मी घडी उलगडली.

उजवा आखला. वरच्या बाजूला खडूनं फुली मारली. कापला. कापलेला भाग उचलून पालथा घातला, त्याच्यासमोर डावा आखला, गळ्याशी गळा, हुकपट्टीशी हुकपट्टी, तोंडाशी तोंड. तीनदा बघितलं. कापला. कात्री चालत होती तसा घाम नाकावरून हिरव्यावर पडत होता.

परीक्षक बाई परत आल्या तेव्हा पाठ कापून झाली होती.

"मी घडी घाला म्हटलं होतं ना?"

"होय बाई."

"मग?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते त्यांच्या भाषेत नव्हतं. "झाल्यावर दाखवते," एवढंच निघालं. जन्मात एवढं उर्मट मी कुणाला बोलले नव्हते. त्या निघून गेल्या आणि पुन्हा टोपण वाजलं.

शिवताना मी काही विचार केला नाही. पायाखाली मशीन ओळखीचं होतं. बाह्या तर माझ्या सहा वर्षांच्या. वेळ संपायला थोडं उरलं असताना मी हुक लावत होते, शेजारची मुलगी अजून मुंढ्याशी झटत होती.

पडद्यामागं जाऊन घातला. सगळे हुक लागले. वरचासुद्धा. बाहेर आले.

"पदर बाजूला घ्या. वळा. हात वर करा."

मी हात वर केले आणि डोळे मिटले. टर्रकन आवाज यायची वाट बघत होते. आला नाही.

"पुढं वाका. आता मशीनवर बसा. चालवा."

मी बसले, रिकामं मशीन चालवलं. पाठीवर काहीच ओढलं नाही. इतकी वर्षं ते ओढणं मी पाठीचंच दुखणं समजत होते.

"सरळ उभ्या राहा."

"मी अशीच उभी राहते बाई."

त्यांनी चष्मा लावला. माझ्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं, मग डाव्यावर. बोट शिवणीवरून हळूहळू फिरलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. "निकाल बाईंकडे कळेल," एवढंच म्हणाल्या.

घरी दोन पोती भरून झाली होती. पितळी भांडी खाली, वर परात. मी हिरवा ब्लाउज काढला नाही. यांनी एकदा बघितलं. "नवा?" म्हणाले. मी "होय" म्हटलं.

सकाळी बाईंनी बोलावलं. त्यांच्या हातात कागद होता.

"वाचते. 'ड्राफ्टिंग अपुरे. सूचना पाळत नाहीत.'" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही? सूचना पाळत नाही?" आणि त्या मोठ्यानं हसल्या. मला हसू येत नव्हतं. माझे डोळे कागदावर होते, तो अजून संपला नव्हता. "'फिटिंग तिघींत सर्वांत चांगले. ह्यांनी स्वतःचे शरीर पाहिले आहे.' असं लिहिलंय. आता फळ्यावरची सूत्रं मी शिकवीन. कापणं, मापं, शिवण तुमचं. दिवाळीपर्यंत बघू."

"होय बाई," मी म्हटलं. पाया पडायला वाकले तर त्यांनी धरलं. दिवाळी गेली, पुढच्या दोन गेल्या. प्रत्येक वेळी दार वाजलं की मला वाटायचं, कुणीतरी सर्टिफिकेट मागायला आलं.

त्या दिवशी घरी जाऊन पोती सोडायला यांना सांगितलं. त्यांनी मान वळवता येत नसताना सबंध अंग वळवून फळीवरच्या पुस्तकांकडं बघितलं. मग परात बाहेर काढली.

मी नाडी घेतली आणि तशीच शिरवण्याला गेले. मावशीच्या अंगणात मांडवाचे बांबू पडले होते, बायका पापड वाळवत होत्या. मी सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली.

"बरा जाला. आनि माजा ब्लाउज?"

"अजून कापला नाही."

"परवा हलद हाय आनि कापला नाय? घाटीन, लोकांना काय दाखवू मी, उघडी बसू?" अंगणातल्या बायका खिदळल्या.

"आत चल. त्या जुन्यावरून मी कापणार नाही."

ती कुरकुरत आत आली, दार लोटलं, पदर सोडला. मी नाडीचं टोक तिच्या मानेखाली ठेवलं. तिनं मारलेल्या माझ्या मापाच्या गाठी तशाच होत्या, लाल आणि काळ्या. तिच्यासाठी मी हिरवा धागा आणला होता. नाडी पुढं आणली तर मावशी फुगून उभी, पोट आत, छाती वर, डोळे छताला.

"मावशी, श्वास सोड."

"सोडला तं माप वाढंल ना गो."

"वाढू दे."

ती थोडा वेळ तशीच राहिली. मग हळूच सोडला, आणि मी गाठ मारली.